उपचार घ्यावा, सिद्धांत घेऊ नये

पन्नाशी ओलांडली की बहुतेक घरांतल्या कपाटात एक फाइल जाड होऊ लागते. रक्तातल्या साखरेचे रिपोर्ट, कोलेस्टेरॉल, गुडघ्याचा एक्स-रे, दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी. डॉक्टर दर खेपेला एखादी गोळी वाढवतात किंवा बदलतात, पथ्याबद्दल दोन वाक्ये बोलतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. अशा वेळी नात्यातले कुणीतरी सांगते, "उरुळीच्या निसर्गोपचार केंद्रात जाऊन ये दहा दिवस. माझ्या मेहुण्याच्या गोळ्या सुटल्या." मग घरात दोन तट पडतात. एकाला वाटते, गोळ्यांच्या विषापेक्षा माती आणि पाणी केव्हाही बरे. दुसऱ्याच्या मते हे सगळे थोतांड. दोघेही मोठ्या तावातावाने बोलतात, पण जो खरोखर बॅग भरायच्या बेतात आहे त्याच्या हाती काहीच लागत नाही.

मला त्या बॅग भरणाऱ्याशी बोलायचे आहे. निसर्गोपचाराच्या नावाखाली त्याला दोन वेगळ्या गोष्टी एकदम दिल्या जातात. पहिली म्हणजे काही कृती: मोजके, साधे खाणे, उपवास, पाण्याचे आणि मातीचे उपचार, मालिश, ऊन, चालणे, वेळेवर झोप. दुसरी म्हणजे रोग का होतो आणि कसा बरा होतो याविषयीचा एक सिद्धांत. कृतींपैकी बऱ्याच उपयोगी आहेत, काही तर फारच उपयोगी आहेत. सिद्धांत मात्र चुकीचा आहे. आणि निसर्गोपचारात रुग्णाचे जे गंभीर नुकसान होते, ते मातीने किंवा पाण्याने क्वचितच होते. बहुधा ते सिद्धांतावर विश्वास ठेवल्याने होते.

हा सिद्धांत आला कुठून, हे आधी पाहू. निसर्गोपचार हा आयुर्वेदाचाच भाऊबंद, ऋषिमुनींच्या काळापासून चालत आलेला, असा आपल्याकडे समज आहे. उपवास आणि योग आपल्या मातीतले आहेतच. पण केंद्रांत जे कटिस्नान, मातीपट्टी, ओल्या चादरीचे लपेट असतात त्यांचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन भाषक मुलखातून आला. सिलेशियातल्या ग्रेफेनबर्गचा व्हिन्सेंट्स प्रीसनिट्स हा शेतकरी थंड पाण्याच्या पट्ट्यांनी आणि आंघोळींनी लोकांना बरे करी. १८५१ साली तो वारला तोवर त्याची कीर्ती युरोपभर पसरली होती. बव्हेरियातल्या वोरिसहोफेनचे धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी त्यात वनस्पती, आहार आणि अनवाणी चालण्याची भर घातली. लाइपझिगमध्ये लुई कूने यांनी १८८३ मध्ये आपले केंद्र उघडले, आणि पुढे आडोल्फ जुस्ट यांनी मातीच्या उपचारांचा प्रसार केला. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी कूने आणि जुस्ट यांची पुस्तके वाचली, स्वतःच्या बद्धकोष्ठावर आणि डोकेदुखीवर त्यांचे प्रयोग केले, आणि त्या वाचनाचा धागा थेट पुण्यापर्यंत आला.

त्या काळी हे लोकांना पटले, यात नवल नाही. तेव्हाचे अधिकृत वैद्यक रुग्णाच्या शिरा उघडून रक्त काढत होते, पारा पाजत होते, जुलाब देऊन माणूस गळून जाईल असे करत होते. त्या मानाने ज्याने केवळ थंड पाण्याची पट्टी ठेवली, हलके अन्न दिले आणि मोकळ्या हवेत झोपवले, त्याचे रुग्ण जास्त जगले असणार. निसर्गोपचाराचे सुरुवातीचे श्रेय खरे आहे. पण ते मुख्यतः जे केले नाही त्याचे श्रेय आहे.

कूने तेवढ्यावर थांबले नाहीत. सगळे रोग मुळात एकच, असे त्यांनी मांडले. पोटात विजातीय द्रव्य साचते, आंबते, शरीरभर पसरते; कुठे ते ताप म्हणून दिसते, कुठे गाठ, कुठे खोकला. ते द्रव्य बाहेर काढले की रोग गेला. चेहरा आणि मान पाहून ते कुठे साचले आहे हे ओळखण्याचे एक शास्त्रही त्यांनी रचले. त्यांचे केंद्र उघडण्याच्या आदल्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. वैद्यकाने तिथून पुढे वेगळी वाट धरली: हा नेमका कोणता रोग, त्याचे कारण कोणते, आणि त्या कारणावर काय चालते. निसर्गोपचार मात्र एक रोग, एक कारण, एक उपचार या मांडणीपाशीच राहिला. आज केंद्रांत 'विजातीय द्रव्य' हा शब्द कमी ऐकू येतो, 'टॉक्सिन' जास्त. कल्पना तीच आहे.

या कल्पनेचे आकर्षण मला समजते. ती रुग्णाच्या हातात काहीतरी देते. मी चुकीचे खाल्ले, मीच ते सुधारीन. जी विद्या माणसाला स्वतःच्या शरीराची जबाबदारी घ्यायला लावते, तिच्याविषयी मला आदर आहे. पण पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या मुलीच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. तिच्या पोटात काही साचलेले नाही. तिला इन्सुलिन बंद करून रसाहारावर ठेवले तर ती काही दिवसांत दगावू शकते. सगळे रोग एक मानणाऱ्या सिद्धांतात या मुलीसाठी जागाच नाही.

आता केंद्रात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. समजा, चिंचवडचे ५८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. वजन ८८ किलो, आठ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाब, सकाळपासून चार कप चहा. पहाटे पाचला घंटा होते. प्रार्थना, योगासने, मग कोमट पाण्याचा एनिमा. त्यानंतर पोटावर मातीपट्टी. जमिनीत तीन-चार फूट खोल खणून काढलेली, वाळवून चाळलेली, रात्रभर भिजवलेली काळसर माती कापडावर बोटभर जाड थापतात आणि विटेच्या आकाराची ती गार लादी बेंबीखाली ठेवतात. पहिल्या क्षणी अंगावर काटा येतो, मग हळूहळू पोटाची उष्णता मातीत उतरते, श्वास संथ होतो आणि वीस मिनिटांत निम्मे लोक झोपी जातात. दुपारी कटिस्नान. त्यासाठी पाठ टेकून बसता येईल असा खास टब असतो; पाय बाहेर, पाणी बेंबीपर्यंत, आणि हातातल्या कपड्याने ओटीपोट सावकाश चोळत राहायचे. जेवण म्हणजे उकडलेली भाजी, ताक, फळे, मीठ नाही किंवा नावापुरते. काही दिवस नुसता रस. रात्री नऊला दिवे बंद.

तिसऱ्या दिवशी वजन अडीच किलोने उतरलेले असते, आणि गृहस्थांना वाटते, घाण बाहेर पडली. वास्तविक आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साखर साठवलेली असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी झाले की हा साठा वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे जाते. मीठ तोडल्याने आणखी पाणी जाते. चरबीही उतरते, पण इतक्या झपाट्याने नाही. रक्तदाब उतरतो, कारण मीठ कमी झाले, वजन घटले, झोप झाली, ऑफिसचा फोन नाही. साखर उतरते, कारण साखर आणि पिष्ट पोटात जाणेच कमी झाले. यातली एकही गोष्ट खोटी नाही. रुग्णाला खरोखर बरे वाटते. फक्त ते का वाटते याचे केंद्रात मिळणारे उत्तर बरोबर नसते.

उत्तर चुकले तरी बरे वाटले ना, मग बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. इथेच माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

दुसऱ्या दिवशी या गृहस्थांचे डोके ठणकू लागते. केंद्रातले जुने साधक समजूत घालतात: घाबरू नका, विषद्रव्ये बाहेर पडताहेत, रोग उसळून येतो आणि मग जातो. निसर्गोपचारात ही कल्पना फार जुनी आहे. उपचाराने लक्षणे आधी वाढतात आणि ते वाढणे म्हणजेच बरे होण्याची खूण. पण चार कप चहा एकाएकी तुटल्यावर डोके दुखणारच. कॅफिन थांबल्यापासून साधारण अर्ध्या ते एका दिवसात हे दुखणे सुरू होते, दुसऱ्या दिवशी कळसाला पोचते आणि काही दिवसांत आपोआप जाते. इथे चुकीच्या स्पष्टीकरणाने काही बिघडले नाही. चौथ्या दिवशी मात्र त्यांच्या पायाचा अंगठा सुजून लाल होतो. उपवासात रक्तातले युरिक ॲसिड वाढते, आणि ज्याला गाऊटचा त्रास आहे त्याचा सांधा त्यामुळे पेटू शकतो. तरी स्पष्टीकरण तेच: विष बाहेर पडतेय. आणि पाचव्या दिवशी पहाटे घाम फुटला, हात थरथरले, बोलणे असंबद्ध झाले, तरी तेच? ही साखर खाली गेल्याची लक्षणे आहेत आणि पुढच्या काही मिनिटांत साखर पोटात गेली नाही तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

ज्या सिद्धांतात बरे वाटले तर उपचार लागू पडला आणि वाईट वाटले तर तो जास्तच लागू पडला असा अर्थ निघतो, त्या सिद्धांताला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. म्हणून मी म्हणतो, माती पोटावर जरूर ठेवा, पण हा विचार डोक्यात ठेवू नका. केंद्रात असताना जे नवे दुखणे सुरू होईल ते दुखणेच समजावे आणि त्याचे कारण शोधायला लावावे.

साखर खाली का जाईल, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ही गोष्ट टाळता येण्याजोगी असते. आपल्याकडे मधुमेहाच्या असंख्य रुग्णांना ग्लिमेपिराइड दिले जाते. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. घरी दोन पोळ्या खाऊन घेतली जाणारी गोळी केंद्रात काकडीच्या रसावर घेतली की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला तर अशा वेळी होणारी छातीतली धडधडही जाणवत नाही. मेटफॉर्मिन एकटे असेल तर हा धोका फार कमी. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचा धोका आणखी वेगळा: लंघनाच्या काळात त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साचू शकते, तेही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना, म्हणजे ग्लुकोमीटर पाहून कुणाला शंकाही येत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर रोजचे नारळपाणी आणि फळांचे रस रक्तातले पोटॅशियम वाढवतात, आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. वॉरफरीन घेणाऱ्याने एकाएकी पालकाचा रस सुरू केला तर रक्त पातळ ठेवण्याचे सगळे गणित बिघडते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समजही याच जातीचा. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांकडून या प्रश्नाचा अभ्यास करवून घेतला, आणि कडू लागणारा दुधी पिऊ नये असे स्पष्ट सांगितले गेले. काकडी-दुधीच्या कुळात ही कडू द्रव्ये असतात. एरवी अगदी कमी, एखाद्या फळात फार जास्त. आपल्या आज्या भाजी चिरताना दुधीचा तुकडा जिभेला लावून पाहत, त्यामागे हेच कारण होते. औषध कडूच असायचे, असे मनाला बजावून घोट घेणाऱ्याला हे शहाणपण आठवत नाही.

इतके वाचून कुणाला वाटेल की मी त्या दुसऱ्या, थोतांड म्हणणाऱ्या तटातला आहे. तसे नाही. मधुमेह आहाराने परतवता येतो असे निसर्गोपचारक वर्षानुवर्षे सांगत होते आणि बहुतेक डॉक्टर त्याकडे दुर्लक्ष करत होते. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये डायरेक्ट या चाचणीचे निष्कर्ष आले. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या सुमारे ३०० रुग्णांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या आहारावर ठेवले होते. मधुमेह होऊन सहा वर्षे उलटलेली नव्हती आणि इन्सुलिन सुरू झालेले नव्हते, असे हे रुग्ण. वर्षाअखेरीस कमी आहारावरच्या गटातल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन घटवले त्यांच्यात तर ते ८६ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांनी पहिल्या गटात ३६ टक्के उरले होते.

निसर्गोपचारकांचे निरीक्षण इथे खरे ठरले आणि स्पष्टीकरण खोटे. रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या या कामातून पुढे आलेले कारण विषद्रव्यांचे नाही. यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलिनचे काम पुन्हा सुधारते. हा फरक केवळ पुस्तकी नाही. कारण कळले म्हणून आपल्याला हेही कळते की हा उपाय कुणाला लागू पडेल: वजन वाढलेल्या, आजार फार जुना न झालेल्या रुग्णाला. वीस वर्षे मधुमेह असलेल्या सडपातळ माणसाने तीच अपेक्षा ठेवून लंघन केले तर पदरी निराशा येईल आणि स्नायू झिजतील. आणखी एक गोष्ट. त्या चाचणीत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, पण त्या डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली, कधी पुन्हा सुरू करायच्या हे आधी ठरवून. कमी खाणे आणि गोळी यांचा हिशेब तिथे एकाच ठिकाणी मांडला जात होता. आपल्याकडे बहुतेकदा रसाहार सांगणारा एक असतो, गोळी लिहिणारा दुसरा, आणि दोघांची एकमेकांशी ओळखही नसते.

गांधीजींकडे या बाबतीत पुन्हा वळावे लागते, कारण महाराष्ट्रातला निसर्गोपचार त्यांच्याच हातून उभा राहिला. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. तिथे गांधीजी राहत. आज त्याच जागी, बापू भवनात, राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. शहरातल्या केंद्राचा गरिबाला उपयोग होत नाही असे वाटल्याने गांधीजी १९४६ च्या मार्चमध्ये पुण्याहून तीसेक किलोमीटरवरच्या, सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील उरुळी कांचनला गेले. काही दिवस स्वतः रुग्ण तपासले आणि काम मणिभाई देसाई यांच्यावर सोपवले. मणिभाई शेवटपर्यंत, १९९३ पर्यंत, तिथले होऊन राहिले.

पण गांधीजींच्या आयुष्यातले दोन प्रसंग होऊ घातलेल्या रुग्णाने जवळ ठेवावेत. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, मणिलालला, विषमज्वर आणि न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी सुचवलेली अंडी आणि कोंबडीचे सूप गांधीजींनी नाकारले आणि कूनेंच्या पद्धतीची स्नाने, संत्र्याचा रस, ओल्या चादरीचे लपेट यांवर भिस्त ठेवली. मुलगा बरा झाला. पुढे आत्मकथेत हे लिहिताना त्यांनी विजयाची नौबत वाजवली नाही. देवाच्या कृपेने, पाण्याने की आहाराने आणि शुश्रूषेने तो बरा झाला हे कोण सांगणार, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी खुला ठेवला. मेहुण्याच्या गोळ्या सुटल्याची गोष्ट सांगणाऱ्या किती जणांपाशी हा प्रामाणिकपणा असतो?

दुसरा प्रसंग १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीचा. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास उठला, त्यांना ससून रुग्णालयात आणले आणि कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. आयुष्यभर मातीपट्टीची महती सांगणाऱ्या माणसाने त्या रात्री पोटावर माती मागितली नाही. नंतर आपली श्रद्धा डळमळली म्हणून त्यांना खंत वाटली असेलही. पण ते जगले, आणि बावीस वर्षांनी उरुळीला जाऊ शकले.

म्हणून केंद्र निवडताना माझ्या मते एक प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे: तुम्ही कोणाला घेत नाही? खोल्या किती, मालिश कोणत्या तेलाने, हे नंतर विचारावे. ज्या केंद्रातला वैद्य सांगतो की पहिल्या प्रकारचा मधुमेह, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, निदान न झालेला ताप, चालू असलेला क्षय, फिट्स येणारा माणूस यांना आम्ही लंघनावर ठेवत नाही, त्याला आपल्या विद्येची हद्द माहीत आहे. जिथे कर्करोगापासून वंध्यत्वापर्यंत सगळ्याला दार उघडे आहे, तिथून बॅग उचलून परत यावे. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न पसरलेल्या कर्करोगावर नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली होती. मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट निघाला. स्तनाच्या कर्करोगात पाचपटींहून अधिक. हे रोग वेळीच उपचार झाले तर बरे होण्याजोगे होते, म्हणून हा आकडा मला अस्वस्थ करतो.

समोर बसलेला माणूस किती शिकलेला आहे हे विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. निसर्गोपचार आणि योगाची बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे. तीत शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र शिकवतात आणि शेवटी वर्षभर इंटर्नशिप असते. दुसरीकडे पदविका आहेत, पत्राद्वारे मिळणारी प्रमाणपत्रे आहेत, आणि काहीच नसलेले लोकही आहेत. दारावरच्या पाटीत हा फरक दिसत नाही. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांचे नियमन करणारा राष्ट्रीय आयोग २०२० च्या कायद्याने आला. त्यात योग आणि निसर्गोपचार यांचा समावेश झाला नाही. कर्नाटक, तमिळनाडूसारख्या राज्यांनी नोंदणीची व्यवस्था केली. देशभर लागू होईल असा कायदा नसणे हा रुग्णांवर आणि साडेपाच वर्षे शिकून आलेल्या तरुण वैद्यांवरही अन्याय आहे, कारण दोन महिन्यांचा वर्ग केलेल्याला आणि त्यांना लोक एकाच नावाने हाक मारतात. परदेशी असलेल्या मुलांनी आई-वडिलांना तिकडच्या निसर्गोपचारकाकडे नेण्यापूर्वी आणखी एक लक्षात घ्यावे: अमेरिकेत ओरेगन, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत परवाना लागतो, इतर कित्येक ठिकाणी नाही, आणि आपला निसर्गोपचार औषधाविना चालतो, तर तिकडचा बहुधा पूरक गोळ्या आणि वनस्पतींचे अर्क भरपूर देतो.

पैशांचे एक सांगून टाकतो. आयुष उपचारांना विमा मिळतो हे ऐकून निर्धास्त राहू नये. आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांत हेल्थ हायड्रो, नेचर क्युअर क्लिनिक, स्पा येथील उपचारांचा अपवाद छापलेला असतो. कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

गोळ्यांबाबत मात्र जरा थांबून बोलायला हवे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या खटल्यात स्पष्ट केले की ज्या पद्धतीचे शिक्षण घेतले नाही तिच्यात हात घालणे हाच निष्काळजीपणा. त्याच न्यायाने, गोळी लिहून देणे जसे निसर्गोपचारकाच्या कक्षेबाहेर, तसे गोळी बंद करायला सांगणेही बाहेरच असले पाहिजे, असे मला वाटते. म्हणून जाण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावे: खाणे निम्मे झाले तर कोणती गोळी थांबवायची, कोणती अर्धी करायची, कोणती काही झाले तरी सोडायची नाही, साखर किती उतरली आणि रक्तदाब किती खाली गेला तर फोन करायचा. डॉक्टर कुरकुर करतील, काही जण "कशाला जाता तिथे" म्हणतील. तरी आग्रह धरावा. जो डॉक्टर पथ्याबद्दल दोनच वाक्ये बोलतो त्याच्यामुळेच रुग्ण उरुळीची वाट धरतो, हे डॉक्टरांनीही समजून घ्यायला हवे. केंद्रात पोचल्यावर तो कागद वैद्याच्या हाती द्यावा आणि ग्लुकोमीटर आपल्या उशाशी ठेवावा.

आणि केंद्र गावाकडचे, साधे असेल तर ते आपले भाग्य समजावे. उरुळीची कल्पना गरिबासाठी होती. ज्याच्याकडे माती, पाणी, ऊन आणि शेतातली भाजी आहे त्याला डॉक्टरच्या बिलाविना जगता यावे, हा तिच्यामागचा हट्ट होता. त्याच मातीपट्टीला तलावाकाठच्या रिसॉर्टमध्ये पंचतारांकित भाव लागतो तेव्हा मला वाईट वाटते. तिथे पोटाला मिळणारा गारवा काही वेगळा नसतो.

परत आल्यावरचे दिवस सगळ्यात अवघड. केंद्रात मोह नव्हता, इथे पोहे आहेत, लग्नसराई आहे, रात्री अकराला जेवणारे कुटुंब आहे. दहा दिवसांचा रक्तशर्करेचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्यात दहा दिवस फारसे उमटत नाहीत. जाण्याआधी ती एकदा करावी आणि परतल्यानंतर तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा एकदा. सोबत मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणीही. तो रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवावा आणि केंद्रातल्या वैद्यालाही पाठवावा, कारण रुग्ण घरी गेल्यावर त्याचे काय झाले हे बहुधा त्यालाही कुणी कळवत नाही. गोळी कमी करायची की नाही, ही चर्चा त्या दिवशी करावी, केंद्रातून निघताना नव्हे.